पाय, धोटा, ठोका

हंगाम संपला की आमच्या कॉलनीत आठ-दहा दिवस सगळे पुरुष ओरडून बोलायचे. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटला की पुढं पाच-सहा महिने उसाची मिल अखंड धडधडायची. त्या आवाजात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची सवय झालेली, ती मिल थांबली म्हणून एकदम कशी जाणार? शेजारी चिमूटभर मीठ मागायला गेलेला माणूससुद्धा भांडायला आल्यासारखा ओरडायचा. बायका हसायच्या. "आवो हळू, म्या हितंच हाय की," असं घराघरातून ऐकू यायचं. मग हळूहळू आवाज खाली यायचे, चिमण्या ऐकू यायला लागायच्या, पिठाच्या गिरणीची पुकपुक ऐकू यायची. त्या वर्षी सगळ्यांचे आवाज खाली आले, आमच्या आण्णांचा तेवढा आला नाही. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. पण मी सोळा वर्षांची होते, आणि मला वाटलं, आण्णा आता साहेब झालेत म्हणून मोठ्यानं बोलतात.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. इंदापूर तालुक्यात कळंब-कळसच्या बाजूला कुठंतरी होता, एवढं पुरे. आता तिथं बाभळी आहेत आणि एक पडकं धुराडं आहे, असं ऐकते. जाऊन बघायची ताकद राहिलेली नाही आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. माझे वडील तिथं ऑइलमन म्हणून लागले, फिटर झाले, हेडफिटर झाले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन हिंडायचे, त्यामुळं घरात पहिले बूट घातले ते आण्णांनी. शाळा सातवीपर्यंतच, पण मिलचा रोलर कुठं कुरकुरतो ते त्यांना हात लावून कळायचं. म्हणून त्यांना मिल हाऊसमध्ये असिस्टंट इंजिनियर केलं. एक वर्ष तात्पुरतं, मग डॉक्टरांची तपासणी झाली की कायम. चाळीतून आम्ही बंगल्यात आलो. बंगला म्हणजे तीन खोल्या, पुढं व्हरांडा आणि स्वयंपाकघरात नळ. नळ घरात आला त्याचं आईला इतकं अप्रूप की पहिले काही दिवस ती उगीचच चालू करून बघायची. वास मात्र बंगल्यातही तोच होता, मळीचा, आंबूस-गोड. अंगावरच्या कपड्यांना, उशांना, पोळीलासुद्धा.

साहेब झालं की क्लब आलाच. जुन्या मालकांच्या वेळची तिथं एक पद्धत होती. हंगाम संपल्यावर क्लबात एक संध्याकाळ व्हायची आणि त्या वर्षी जो नवीन साहेब झाला असेल त्यानं बायकोबरोबर नाच उघडायचा. पहिली फेरी त्या दोघांनीच घ्यायची, मग बाकीच्या जोड्या उतरायच्या. नाच म्हणजे वॉल्ट्झ, तीन ठोक्यांवर जोडीनं फिरायचा विलायती, दुसरा कुठलाही चालत नसे. चीफ केमिस्टची बायको डिसोझा बाई गोव्याच्या होत्या. दर वर्षी नव्या जोडीला शिकवायचं काम त्यांच्याकडं असायचं. पद्धत ऐकून आई कपाळाला हात लावील असं मला वाटलं होतं. तिनं लावला नाही. "सगळ्यांनी केलं व्हय? मग आमी बी करू," म्हणाली, आणि भाकरी उलटली. परवा इथं बारामतीत माझ्या नातीच्या लग्नाच्या संगीताची तयारी चालली होती. पुण्याहून एक पोरगा शिकवायला आला होता. त्यानं सगळ्यांना आठापर्यंत मोजायला लावलं आणि चार तासांत नवरा-नवरीला नाच बसवून निघून गेला. आम्हाला दीड महिना लागला होता.

दर रविवारी दुपारी डिसोझा बाईंच्या बैठकीतल्या खुर्च्या भिंतीला लागायच्या. बाई रेकॉर्ड लावायच्या आणि टाळी वाजवून मोजायच्या, "एक मोठा, दोन-तीन बारीक. एक मोठा, दोन-तीन बारीक." आण्णांचे बूट लोखंडी टाचेचे, बाईंच्या फरशीवर खणखण वाजायचे. मग बाईंनी त्यांना मोज्यांवर नाचायला लावलं. त्यांच्या एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते लपवायला ते पाय आखडून घ्यायचे आणि पाऊल हुकायचं. आई तर मोजायला लागली की हसायलाच लागायची. बाई मात्र चिकाटीच्या. त्या एक गोष्ट परत परत सांगायच्या, "पाय उचलणं कोणालाही येतं. ठोका येईपर्यंत थांबायला यायला पाहिजे. सगळी गंमत थांबण्यात आहे." दोन रविवार असे गेले आणि कळसहून निरोप आला की आजोबा, म्हणजे आईचे वडील, पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आई दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं गेली. घर माझ्यावर आलं आणि रविवारी आण्णांसमोर उभं राहायचं कामही.

बापाबरोबर नाचायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हे कुणाला कळलं तर शाळेत तोंड दाखवायची सोय नाही, असं वाटायचं. पण आण्णा जीव तोडून शिकत होते. संध्याकाळी जेवणाआधी व्हरांड्याचं दार लावून आम्ही सराव करायचो. मी मोजायची, ते पावलं टाकायचे. माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, की लांब उभी राहून मी मोजलं तर त्यांचं बरोबर येतं, आणि जवळ येऊन हात धरले की बिघडतं. मला वाटलं, लाजतात. मग एका सकाळी दूध तापत ठेवून मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले. आण्णा चुलीपासून दोन हातांवर पाटावर बसून पेपर वाचत होते, चुलीकडं पाठ करून. दूध फसफसून वर आलं, झाकण उडून फरशीवर पडलं, मी अंगणातून "आण्णा, दूध, आण्णा" म्हणून ओरडत आले, आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग चुलीकडं. काही सारवासारव केली नाही. "बस," म्हणाले. मी बसले. "सुमे, भोंगा ऐकू येतो. बाकी सगळं कापसात गुंडाळल्यागत. समोरच्याचं तोंड दिसलं तर समजतं. कुणाला बोलायचं न्हाय. आईला बी न्हाय. म्हैन्याभरात डॉक्टर तपासनार, त्यो डोळं बघतो, छाती बघतो, हात-पाय बघतो. कान कोन बघतंय? तेवढं पार पडलं की मी कायम." मी विचारलं, "आणि मिलमधी कुणी मागनं हाक मारली तर?" त्यांनी पेपरची घडी घातली. "आजवर मिलनं मला हाक मारली न्हाय असं झालं न्हाय. ती हातातनं बोलती," म्हणाले. सांडलेलं दूध मी पुसत होते आणि मला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. सोळाव्या वर्षी थकवा कसला, असं कुणी म्हणेल. पण तो थकवा मला अजून ओळखू येतो, तोच आहे, फक्त आता त्याच्या जोडीला गुडघे दुखतात.

त्याच संध्याकाळी युक्ती सापडली. नाचताना बाईचा डावा हात पुरुषाच्या खांद्यावर असतो. मी त्या हाताच्या बोटांनी आण्णांच्या खांद्यावर ताल धरला, एक जोरात, दोन-तीन हलके. तिसऱ्या फेरीला त्यांची पावलं बसली. चौथ्या फेरीला ते हसले. पुढच्या रविवारी बाईंनी रेकॉर्ड लावली तर आण्णा असे फिरले की बाई टाळी वाजवायच्या थांबल्या. "बघा, थांबायला शिकले," म्हणाल्या. आण्णा खरोखरच थांबत होते, माझ्या बोटाची वाट बघत. त्या दिवशी आनंदानं त्यांनी भिगवणहून मासे मागवले. आई नसताना मीच ते तळले, निम्मे करपले, आणि आण्णांनी एक काटाही ताटात न ठेवता सगळे खाल्ले. मला तेव्हा वाटलं, आता काही अडचण नाही. दोघं मिळून जगाला फसवायला लागली की माणसं किती जवळची होतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आई परतली तेव्हा क्लबची संध्याकाळ आठ दिवसांवर आली होती. नेमक्या बाई मुलांना घेऊन गोव्याला गेल्या होत्या, त्यांचं घर बंद, रेकॉर्ड घरात. आईला बोटांचा ताल शिकवायचा तो मीच आणि रेकॉर्डशिवाय. मी तिला सांगितलं, "आई, बायकांनी असं खांद्यावर बोटं वाजवायची रीत असती." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "रीत असती व्हय? बरं," म्हणाली. पण एक-दोन-तीन म्हटलं की तिचं हसणं सुरू. मग मला सुचलं. आई घोंगडी विणणाऱ्या घरातली. कळसला आजोबांच्या ओसरीत जमिनीत खड्डा खणून बसवलेला माग होता, चिंचोक्याच्या खळीचा वास त्या ओसरीला कायमचा चिकटलेला. आईनं लहानपणी त्यावर कितीतरी घोंगड्या विणल्या होत्या. पाय दाबायचा, लोकरीचा धागा घेतलेला धोटा आडवा फेकायचा, फणी ठोकून तो धागा घट्ट बसवायचा. एकूण तीनच कामं, दिवसभर. मी म्हणाले, "आई, मोजू नको. पाय, धोटा, ठोका म्हण." तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, खांदे सैल पडले, आणि बोटं अशी चालायला लागली की जन्मभर हेच केलंय. दोघं आमच्या शहाबादी फरशीवर डोळे मिटून फिरायला लागली. मी मागाचं सुचवलं म्हणून माझी मलाच शाबासकी दिली.

चूक तिथं झाली, आणि ती माझी. डिसोझा बाईंच्या तालात जोर पहिल्यावर असतो. मागावर जोर शेवटी येतो, फणी आपटते तेव्हा. आईची बोटं दोनदा हलकी आणि तिसऱ्यांदा जोरात पडत होती. आण्णा जोराच्या बोटावर मोठं पाऊल टाकायला शिकले होते, ते तिसऱ्याला टाकायला लागले. रेकॉर्ड नव्हती म्हणून मला ते कळलं नाही. ताल धरून दोघं एकत्र फिरतायत, एवढंच मी बघितलं. मलाही कान होते की. माझ्या कानांनी काय केलं?

क्लबची संध्याकाळ उन्हं कलता कलताच सुरू झाली. बॅडमिंटनच्या पट्ट्या आखलेला लाकडी जमिनीचा हॉल, कडेनं खुर्च्या, खिडकीतून आलेलं पिवळं ऊन. आईनं मोरपंखी पाचवारी नेसली होती, नऊवारी सोडून ती पहिल्यांदाच. पायात चपला नको म्हणाली, जोडव्यांसकट अनवाणीच उतरली. आण्णा नव्या बुटांत. बाई आदल्याच दिवशी परतल्या होत्या, त्यांनी रेकॉर्डवर सुई ठेवली. आई सुरांबरोबर बरोबर सुरू झाली. पाय, धोटा, ठोका. आणि ठोक्यावर आण्णांनी झोकात पाऊल टाकलं. गाणं एकीकडं आणि ती दोघं बरोबर दोन ठोके मागं. चुकत नव्हती, अडखळत नव्हती, दर फेरीला तेवढीच मागं. कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणीतरी. पाण्याच्या टेबलाशी उभ्या उभ्या मला पहिल्याच फेरीत सगळं समजलं.

बाईंना वाटलं, नुसती आठवण करून दिली की सुधारेल. त्या कडेकडेनं आण्णांच्या मागं गेल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "साहेब, आता! एक! आता!" आण्णा हसतमुखानं फिरत राहिले. बाई अजून जवळ गेल्या. त्यांच्या कानामागं वीतभर अंतरावर टाळी वाजवली, मोठ्यानं. आण्णांची मान तसूभर हलली नाही. बाईंचे हात तसेच हवेत राहिले. हॉलमधलं हसणं थांबलं. बाई गोंधळल्या, बिचाऱ्यांना वाटलं पहिल्यापासून नीट सुरू करू, म्हणून त्यांनी धावत जाऊन सुई उचलली. गाणं बंद पडलं. पंख्याची घरघर आणि आईच्या जोडव्यांचा लाकडावर टिकटिक आवाज, एवढंच राहिलं. आण्णा नाचत होते. आईची बोटं थांबली नव्हती. ती कुणाकडं बघत नव्हती, फक्त त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडं. तिनं ती फेरी पूर्ण केली. मग आणखी एक अर्धी, त्यांना हळूहळू खुर्च्यांच्या बाजूला आणत, आणि खुर्चीशी आल्यावर एक शेवटचा ठोका देऊन हात काढून घेतला.

आण्णांनी बाईंनी शिकवलं होतं तसं वाकून नमस्कार केला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. ते बघून आण्णांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. चीफ इंजिनियर साहेब उठून त्यांच्याजवळ आले, हात हातात घेतला आणि मान खाली घालून हळूच विचारलं, "किती दिवस झाले हे?"

आण्णा म्हणाले, "थँक्यू साहेब. समदं मंडळीनं शिकवलं."

घरी येताना आण्णा पुढं होते, हातात क्लबानं दिलेल्या केकचा खोका, चालताना तीन पावलांचा झोका देत. आई आणि मी मागं. मी रडत होते. आम्ही नेहमीच्याच आवाजात बोललो, आणि आता त्यांच्या पाठीमागं काहीही बोललं तरी चालतं, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं आणि त्याचीच लाज वाटली. मी म्हणाले, "आई, आण्णांना ऐकू येत न्हाय. मला ठावं व्हतं." आई म्हणाली, "मला बी. दोन हंगाम झालं. म्या हाक मारायचं सोडलंय त्येंना. जवळ जाऊन हात लावते. तुला दिसलं न्हाय व्हय कधी?" मला खरंच दिसलं नव्हतं. "मग मला बोलली का न्हाईस?" "त्येंनी सांगितलं न्हाय, तर म्या कसं सांगावं? त्ये त्येंचं हाय." थोडं चालल्यावर मी विचारलं, "गाणं बंद झालं तवा थांबली का न्हाईस?" तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "थांबले असते तर त्ये एकलंच नाचत ऱ्हायलं असतं सगळ्यांच्या मधी. खुर्चीपातुर आणलं, बस." जोर पहिल्यावर असतो आणि चूक माझी होती, हे मी तिला सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. ती गेली तेव्हा तिच्या लेखी तिनं गाण्याबरोबरच ताल धरला होता.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. या वेळी पुण्याहून कान तपासायचं यंत्र आणलं होतं. चीफसाहेबांनी मनावर घेऊन आण्णांना स्टोअरमध्ये जागा दिली, नट-बोल्ट आणि बेअरिंगं मोजायची. भला माणूस होता. कान गेलेला माणूस मिलवर ठेवता येत नाही, हे मलाही पटत होतं. आम्ही बंगला सोडून चाळीत परत आलो. आई हंडा घेऊन पुन्हा सार्वजनिक नळावर उभी राहायला लागली. डिसोझा बाई एकदा चाळीत आल्या, उंबऱ्यातच रडल्या. आईनं त्यांना शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीची भाकरी वाढली आणि म्हणाली, "बाई, तुमी चांगलंच शिकवलं." मिल चालू झाली की आण्णा स्टोअरच्या भिंतीला तळहात लावून उभे राहायचे, असं लोक सांगायचे. मी बघायला कधी गेले नाही.

पण क्लबात काय झालं ते आण्णांना कुणीच सांगितलं नाही. कॉलनीतल्या शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांना नव्हतं. साहेबकी गेली ती त्या पुण्याच्या यंत्रानं, असं ते शेवटपर्यंत म्हणत. आणि पाहुणा-रावळा आला की मोठ्यानं सांगत, "आमी दोघांनी क्लबात नाच उघडला व्हता. एक पाऊल चुकलं न्हाय. चीफसायेब सोता हात मिळवायला आलं." पाहुणे माझ्याकडं बघायचे. मी मान हलवायची. चाळीस वर्षं मान हलवली. फार दमायला होतं त्यानं. पुढं आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहूनच बोलायचो. किती वेळा वाटलं, त्या पाटीवर लिहून दाखवावं, गाणं बंद पडलं होतं, आण्णा. हातात खडूही घेतला एक-दोनदा. पण मग त्यांच्याकडं काय राहिलं असतं?

आई गेल्यावर ते माझ्याकडं बारामतीला राहायला आले. शेवटच्या वर्षी त्यांना दिसतही कमी होत होतं, त्यामुळं ओठ वाचणं संपलं, पाटीही संपली. दुपारी मी त्यांना व्हरांड्यात खुर्चीत बसवायची. एकदा ते एकदम त्यांच्या त्या हंगामातल्या आवाजात ओरडले, "सुमे, त्या दिशी क्लबात गाणं कंचं व्हतं गं? समद्यांनी ऐकलं, म्या एकट्यानं न्हाय." शेजारच्या फ्लॅटमधली बाई खिडकीत आली.

मला त्या रेकॉर्डची चाल अजून आठवते, झोपेतही म्हणून दाखवीन. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले आणि डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. दोन हलके आणि तिसरा जोरात, आईचे होते तसे. त्यांचा उजवा पाय चपलेत हलला, ठोक्यावर, अगदी बरोबर.

"व्हय," ते म्हणाले. "ह्येच."